मोराच्या दाराचं घर

फार पूर्वी काळ्या मातीच्या मुलखात, एका गावात एक गुळाचा व्यापारी राहत होता. माणूस वाईट नव्हता, पण कोणी 'नाही' म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. त्याच्या बायकोला दमा होता. जुन्या घरात धूर कोंडायचा आणि ती खोकून खोकून बेजार व्हायची. म्हणून त्याने नवं घर बांधायचं ठरवलं. इथवर त्याचं सगळं बरोबर होतं.

घर बांधण्याआधी ते आखून देणारा स्थपती लागतो. त्या भागात असे दोघे होते. आधी म्हातारा आला. आल्या आल्या त्याने विचारलं, "शेठ, घरात कोण कोण राहणार?"

"हा काय प्रश्न झाला? मी आणि ही."

म्हाताऱ्याने मान डोलावली आणि तो सरळ चुलीपाशी गेला. "वहिनी, तुम्हाला काय हवं?"

बाई गोंधळली. असं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. "मागे एक दार असू द्या," ती म्हणाली. "धूर कोंडला की माझा जीव घाबरा होतो. पटकन बाहेर पडता आलं पाहिजे."

मग सगळे जागा पाहायला गेले. गावची घरं होती पांढरीत, म्हणजे गावाच्या जुन्या घट्ट जमिनीवर. व्यापाऱ्याने मात्र रस्त्याकडेचं काळं रान निवडलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला घर दिसायला नको का! म्हाताऱ्याने तिथली मूठभर माती भिजवली, तिची वडी थापली आणि उन्हात ठेवली. ऊन उतरेपर्यंत वडी आक्रसली आणि तिला भेगा पडल्या.

"ही काळी," तो म्हणाला. "पावसात फुगते, उन्हात फाटते. तिच्यावरचं घर हलतच राहणार. पांढरीत बांधा. इथंच हवं असेल, तर खाली मुरूम लागेपर्यंत खणू. पण त्याला वेळ लागेल."

"तुमची आपली सदा नकारघंटा!" व्यापारी भडकला आणि त्याने म्हाताऱ्याला वाटेला लावलं.

दुसरा स्थपती तरुण होता. लग्नाचे मांडव आणि उत्सवाच्या कमानी आखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने रंगीत चित्र काढून आणलं. दारावर पिसारा फुलवलेला मोर होता.

"रस्त्याकडेला?" व्यापाऱ्याने विचारलं.

"होईल की, शेठ!"

"दिवाळीच्या आत?"

"होईल की!"

बायको चित्राकडे बघत हळूच म्हणाली, "अहो, यात मागचं दार कुठंय?"

तरुण हसला. "वहिनी, मागे सलग भिंत ठेवू, तिच्यावर वेल रंगवू. दार एकच, पण असं की गाव बघत राहील." जमिनीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

मांडव चार दिवस उभा राहिला की झालं. घराला जन्मभर उभं राहायचं असतं. एवढं त्या शहाण्या व्यापाऱ्याला कळू नये? कळलंही असतं, पण 'होईल' हा शब्द त्याला स्वतःच्या गुळाहून गोड लागला. बायकोला त्याने गप्प बसवलं.

घर झालं. लोक वाट वाकडी करून मोर पाहायला आले. उन्हाळ्यात मागच्या भिंतीला भेग पडली. तरुणाला बोलावलं, तर त्याने भेगेत चुना भरला आणि वरून आणखी एक वेल काढली.

"अहो, माझी बोटं जात होती त्या भेगेत," बायको म्हणाली.

"आता दिसतेय का कुठं?" व्यापारी म्हणाला.

श्रावणात झड लागली. खालची माती फुगली, चौकट तिरकी झाली आणि दार अडकू लागलं. एके दुपारी व्यापारी अंगणात गाडीत ढेपा भरत असताना मागची भिंत करकरली. चुलीपाशी बसलेली बायको दाराकडे धावली.

"अहो, दार! दार उघडत नाही!"

त्याने खांदा लावला, लाथा घातल्या. मोर हलला नाही. आतून तिचा खोकला ऐकू येत होता. मग भिंत छपरासकट आत कोसळली आणि खोकला थांबला.

तिच्या दिवसकार्याला तरुण आला. व्यापाऱ्याने त्याची गचांडी धरली. तो मान खाली घालून पुटपुटला, "शेठ, चित्रात भिंत सरळच होती."

काही महिन्यांनी व्यापारी म्हाताऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. "काका, पांढरीत घर बांधायचंय. तुम्ही म्हणाल तसं."

गेलं वर्षभर म्हातारा परमुलखात कामाला होता. त्याच्या कानावर काहीच आलं नव्हतं. त्याने नेहमीसारखं विचारलं, "घरात कोण कोण राहणार?"

"मी एकटाच," व्यापारी म्हणाला. "पण काका, मागे एक दार असू द्या."

तात्पर्य: ज्याचं चित्र आवडलं त्याच्या हाती घराची आखणी देऊ नये. घरात कोण राहणार आणि घराखाली काय आहे, हे ज्याने आधी विचारलं, त्याच्या हाती द्यावी, मग त्याचं 'नाही' कितीही कडू लागो.