तीनशे वॅटचे हेडमास्तर

"पण चाचा, स्पीकर किती वॅटचा घेऊ?"

दस्तगीरचाचांनी तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात नेली.

"वाट किती हाय?"

"वाट नव्हे. वॅट. वॅट!"

"तेच इचारतोय की. वाट किती?"

सुकुमार मगदुमांनी डोळे मिटून एक श्वास घेतला. पस्तीस वर्षं मास्तरकी, त्यातली अकरा हेडमास्तरकी. चुकीचा उच्चार कानावर पडला की त्यांचा उजवा हात अजूनही आपोआप खडू शोधायचा. त्यात समोरचा गडी चौथी नापास. आणि शिकायला आलेत कोण, तर आपण.

इलाज नव्हता. कुरुंदवाडच्या त्या दगडी गोदामात पूर्वी गूळ भरायचे, आणि गेली पन्नास वर्षं दस्तगीरचाचा भाड्याचे स्पीकर भरत होते. पंचक्रोशीतलं एक लग्न, एक उरूस, एक झेंडावंदन त्यांच्या भोंग्याशिवाय झालं नव्हतं. गावातल्या तीन पुढाऱ्यांचा आवाज चाचांनी घडवला आणि त्यातल्या दोघांचा वेळेवर बंद पाडला, असं लोक म्हणत. चाचा नाही म्हणत नसत.

"चाचा, वॅट हे शक्तीचं एकक आहे," हेडमास्तर समजावू लागले. "जितके वॅट जास्त, तितकी..."

चाचा हाताची घडी घालून ऐकू लागले. पहिल्या बाकावरच्या पोरासारखे. मधेच मानही डोलवली.

समजावून झालं.

"बरं," चाचा म्हणाले. "आता माझं एकक. रविवारचा कार्यक्रम कुठं?"

"जयसिंगपुरात. एका महिला मंडळाच्या हॉलात."

"कितव्या मजल्यावर?"

"दुसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाही."

"रिक्षा दारापतुर जाती?"

"बोळ आहे हो मधे. सत्तरेक पावलं असतील..."

"ही झाली वाट," चाचा म्हणाले. आणि भिंतीशी उभ्या असलेल्या तीनशे वॅटच्या काळ्या धिप्पाड पेटीकडे बोट केलं. "उचला."

पेटी हेडमास्तरांच्या छातीएवढी. ते वाकले. त्यांनी पेटीला मिठी मारली. पेटी जागची हलली नाही; हलले ते हेडमास्तर.

दाराशी बाकड्यावर बसलेल्या शालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"हसायला काय झालं?"

"छे. मी कुठं हसले?" शालनबाई म्हणाल्या. "मला खोकला झालाय."

शालनबाई म्हणजे हेडमास्तरांच्या मंडळी. एकतीस वर्षं अंगणवाडी चालवून या महिन्यात निवृत्त झालेल्या. रविवारचा तो कार्यक्रम त्यांच्याच निरोपाचा होता. तालुक्यातल्या चाळीस सेविका जमणार होत्या आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं, बाई, त्या दिवशी तुम्ही गायचं. करोके की काय ते लावून गायचं. पुढचं सगळं हेडमास्तरांनी अंगावर घेतलं. निवृत्तीनंतर करोके हाच त्यांचा संसार झाला होता. मोबाईलवर नुसती वाद्यं वाजतात, शब्द दिसतात, आणि आपण माईक धरून गायचं. बारशी, वाढदिवस, वास्तुशांत... बोलावणं आलं की हेडमास्तर हजर. बोलावणं नसलं तरी हजर.

"उचलायचं बघू," कंबर चोळत हेडमास्तर म्हणाले. "माणसं मिळतात. आवाज महत्त्वाचा. चाचा, इथं चेष्टा नको. गेल्या महिन्यात एका बारशात ही पहिल्यांदा गायली. एक अक्षर कुणाला ऐकू गेलं नाही. बायका गप्पा मारत बसल्या. हिनं अर्ध्यातच माईक खाली ठेवला."

चाचांनी शालनबाईंकडे बघितलं.

"खरं हाय, बाई?"

"खरं आहे, चाचा." आता पदर खाली आला होता. "रविवारी एकदाच गाणार. बायांना शब्द दिलाय म्हणून. तेही ऐकू नाही गेलं, तर पुन्हा माईकला हात लावायचा नाही, असं ठरवलंय मी."

"...म्हणून मोठा घ्यायचा म्हणतोय मी," हेडमास्तर म्हणाले. आवाज जरा उतरला होता. "हिच्यासाठीच."

चाचांनी सुपारी थुंकली. याचा अर्थ आता काम सुरू.

"बराय. तुमी पारख करा. गावा."

"मी?"

"मग काय मी? माझा आवाज ऐकून म्हशी आटत्यात."

चाचांनी त्या काळ्या पेटीमागं जाऊन खाटखूट केलं. बटणं फिरवली. पुढं येऊन माईक हातात दिला. मग कुठूनसं संगीत सुरू झालं... जुनं, झोकदार, हेडमास्तरांच्या अगदी गळ्यातलं.

हेडमास्तरांनी डोळे मिटले. ते नेहमी डोळे मिटूनच गात. समोरचे लोक उठून जाताना दिसत नाहीत, हा त्यातला मोठा फायदा.

आणि लावला आवाज.

काय आवाज म्हणता! दगडी भिंतींनी तो झेलला, कमानीनं परत केला. आढ्यावरची कबुतरं उडाली. शेजारच्या घरातून कुणी तरी विचारलं, काय झालं हो? दोन्ही कडवी म्हणून, शेवटची तान दोनदा घेऊन हेडमास्तर थांबले. कपाळ घामानं डवरलं होतं, चेहरा उजळला होता.

"व्वा!" ते म्हणाले. "ह्याला म्हणतात पेटी. काय भरीवपणा! बघितलंस शालन? शब्दन् शब्द सुटा. तीनशे वॅट म्हणजे तीनशे वॅट. ठरलं चाचा, हीच!"

चाचांनी पाठीमागं धरलेला हात पुढं केला.

हातात काळी वायर होती. वायरच्या टोकाला प्लग होता. प्लग हवेत लोंबत होता.

"...हे काय?"

"अजून खुपसला न्हाई."

"म्हणजे... मग मी..."

"तुमी व्हता. पेटी झोपली व्हती."

शालनबाईंना या वेळी खोकला झाला नाही. त्या सरळ हसल्या. डोळ्याला पाणी येईपर्यंत हसल्या.

"पण संगीत? ते तर वाजत होतं!"

चाचांनी टेबलाखाली पायानं ढकलून एक चिमुकली पेटी बाहेर काढली. कुकरएवढी. बॅटरीवरची. तिच्यावर धूळ होती आणि धुळीत कबुतराचं एक पीस.

"ही वाजत व्हती."

हेडमास्तरांनी त्या पेटीकडे, मग प्लगकडे, मग माईककडे पाहिलं. शाळा तपासणीला अचानक साहेब यावा आणि हजेरीपुस्तकच सापडू नये, तसा चेहरा झाला.

"चाचा, ही फसवणूक आहे."

"व्हय," चाचा आनंदानं म्हणाले. "हेडमास्तर, तुमचा आवाज शाळेच्या ग्राउंडावर पिकलाय. सातशे पोरं गप करणारा गळा. त्याला चाळीस बायांच्या हॉलात पेटी लावायची, म्हंजे भर उन्हात कंदील."

यात स्तुती किती आणि टोमणा किती, हे हेडमास्तरांना ठरवता येईना. म्हणून त्यांनी स्तुती तेवढी उचलली.

"ते खरं आहे म्हणा... पण प्रश्न हिच्या आवाजाचा आहे."

"मग त्या बारशाचं सांगा. बटणापाशी कोण व्हतं?"

"मीच. दुसरं कुणाला जमतंय?"

"संगीत केवढं ठेवलं व्हतं?"

"भरपूर. तिला आधार पाहिजे ना."

"आन् एको?"

"पूर्ण. त्यानं आवाज घुमतो, गोड लागतो."

"बाईंबरोबर अजून कोण गात व्हतं?"

"कोणी नाही."

शालनबाई बाकड्यावरून जमिनीकडे बघत होत्या.

"कोणीच न्हाई?"

"...मी जरा साथ दिली. दुसऱ्या माईकवरनं. ती अडखळली तर लोकांत वाईट दिसू नये, म्हणून. अगदी हळू..."

"हळू," चाचा म्हणाले.

गोदामात कबुतरं परत येऊन बसली. पंखांची फडफड ऐकू आली, मग तीही थांबली.

"अडखळली?" चाचांनी विचारलं.

"नाही."

चाचांनी चिमुकली पेटी फडक्यानं पुसली. एक बारीक स्टँड उघडून उभा केला, त्यावर ती ठेवली. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. पेटीचं तोंड गल्लीकडे केलं आणि शालनबाईंना तिच्या मागं उभं केलं. "पेटीच्या म्होरं कधी उभं ऱ्हायचं न्हाई, बाई. आपलाच आवाज तिनं परत ऐकला की ती शिट्टी मारती." मोबाईलला वायर जोडली. संगीत इतकं कमी केलं की हेडमास्तरांनी कान पुढं केला. मग एकोचं बटण उलटं फिरवलं, शेवटापर्यंत.

"थोडा एको राहू दे हो!" हेडमास्तरांना राहवेना. "हिचा आवाज जरा कच्चा आहे."

चाचांचा हात बटणावर तसाच राहिला.

"कच्चा..."

"म्हणजे... घरगुती."

"हेडमास्तर, एको म्हंजे पावडर. फोटोपुरती बरी." चाचांनी बटण सोडलं. "तुमी जावा. गल्लीच्या टोकाला, पिठाच्या चक्कीपाशी. ऐकू आलं की हात वर करा."

"एवढ्या लांब? चाचा, ही कुकरएवढी पेटी..."

"जावा म्हंतो न्हवं."

हेडमास्तर निघाले. दुपारची वेळ, चक्की बंद, मालक पिठाच्या पोत्यावर आडवा. हेडमास्तर ओट्यापाशी उभे राहिले आणि तयारीला लागले. तयारी म्हणजे, ऐकू आलं नाही तर तिला काय सांगायचं याची. छान होतं, म्हणावं? की रविवारी आपणच चार गाणी जास्त म्हणावीत आणि तिला नुसतं फुलं घ्यायला बसवावं?

तेवढ्यात त्यांना श्वास ऐकू आला.

गाणं नाही. गाण्याआधी माणूस घेतो, तो श्वास. त्यांनी दचकून मागं बघितलं, जणू ती खांद्याशी उभी होती.

मग ती गायला लागली.

संथ गाणं होतं. आवाज मोठा नव्हता. घुमत नव्हता, उडी मारत नव्हता. गल्लीतून चालत येत होता, ओळखीच्या बाईसारखा, कुणाला धक्का न लावता. याच आवाजात एकतीस वर्षं तीन-तीन वर्षांची रडकी पोरं गप झाली होती. एकतीस वर्षं हाच आवाज घरी येऊन "ताट वाढलंय" म्हणायचा, आणि हेडमास्तर पेपरामागून "हं" म्हणायचे.

बादली घेऊन निघालेली एक बाई मधेच थांबली. केळीवाल्यानं गाडा उभा केला. चक्कीचा मालक उठून बसला आणि काही तरी विचारणार, तोच हेडमास्तरांनी ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असं बघितलं, की तो पस्तीस वर्षांपूर्वीचा सहावी-बमधला पोरगा झाला.

लांबून चाचा हात हलवत होते. ऐकू येतंय का? येतंय का?

हेडमास्तरांनी त्यांनाही बोट दाखवलं. गप्प.

गाणं संपलं. केळीवाला पुढं गेला. हेडमास्तर बऱ्याच वेळानं गोदामात परतले.

"हात वर केला न्हाई," चाचा म्हणाले. "पोचला न्हाई व्हय आवाज?"

हेडमास्तर सरळ शालनबाईंसमोर येऊन उभे राहिले.

शालनबाईंनी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "अहो, खरं सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नका. ऐकू आलं का?"

आयुष्यात लाखभर पेपर तपासलेला माणूस. शेरा लिहायला कधी अडला नव्हता...

"दुसऱ्या कडव्यात," ते अखेर म्हणाले, "तिसऱ्या ओळीआधी तू श्वास घेतलास. तो ऐकू आला."

शालनबाईंनी हळूच माईक टेबलावर ठेवला आणि हातांचा घाम पदराला पुसला.

"मग रविवारी हेच गाणं म्हणते," त्या म्हणाल्या. "आणि अजून दोन."

"तीन म्हण," हेडमास्तर म्हणाले.

त्यांनी स्टँडवरची पेटी उतरवली. एका हातात आली. सत्तर पावलं आणि दोन मजले त्यांनी मनातल्या मनात चालून बघितले. कंबरेनं हरकत घेतली नाही. छाती पुन्हा वर आली. हेडमास्तर पुन्हा हेडमास्तर झाले.

"ठरलं चाचा. हीच. हिचं काम झालं." मग घसा साफ केला. "आता माझं सांगा. रविवारी मी हातात काय धरू?"

चाचा गोदामाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेले. भोंगे सरकल्याचा आवाज आला, काही तरी कुरकुरलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बगलेत एक पत्र्याची घडीची खुर्ची होती. ती त्यांनी हेडमास्तरांच्या मोकळ्या हातात दिली.

"ही. पयल्या रांगेत मांडा."

हेडमास्तरांनी ती वर-खाली करून पाहिली.

"...हलकी आहे."

"उचलायला हलकी हाय," दस्तगीरचाचा म्हणाले. "बसायला जड."