दिसेनासं झालेलं कापड

फार वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या रानात सैन्याचा रंगारी अक्सेल शिपायांच्या गणवेशासाठी रंगवलेलं नवं कापड एका म्हाताऱ्या झाडावर टांगी आणि पाऊल पाऊल मागे सरके. कापड दिसेनासं होईपर्यंत त्याला चैन नसे.

"आजोबा, शत्रूला मी दिसता कामा नये. तुमचे रंग द्या ना," कापड गयावया करी. झाडाने पानांचा हिरवा दिला, सावलीचा काळा दिला. अखेर चाळिसाव्या पावलावर कापड रानात विरून गेलं. अक्सेल हरखला.

पुढे लढाईत तेच कापड ल्यायलेला एक जखमी शिपाई त्याच झाडाखाली बेशुद्ध होऊन कोसळला. त्याचे सोबती हाका मारत चार हातांवरून निघून गेले.

"आजोबा, त्यांनाही मी दिसलं नाही!" कापड कळवळलं.

"लपायचं कसं ते विचारलंस, बाळा," झाड म्हणालं. "सापडायचं कसं, ते ना तू विचारलंस, ना अक्सेलने."