एका शितावर गावाची परीक्षा

त्या दिवशी सकाळपासून असा वारा सुटला होता, की चावडीत बसलेल्या अनघामॅडमना कागदांवर दगड ठेवावे लागले. पाण्याच्या टंचाईची पाहणी करायला त्या शहरातून आल्या होत्या. आकडे गोळा झाले होते, आता माणसांशी बसून बोलायचं होतं. नवा नळ गावात कुठवर न्यायचा, ते त्यावरच ठरणार होतं.

सरपंच सर्जेरावांनी बोलायला माणसं आणून बसवली, ती सगळी त्यांच्याच वरच्या आळीची. जो तो म्हणे, "पाण्याला काही कमी नाही बघा."

खालच्या आळीचे भागुजीबाबा दाराशी उभे होते. त्यांची सून ओढ्यावरून हंडे वाहून वाहून पार थकली होती. आज गप्प राहिलो तर नळ गेलाच, हे बाबांना कळत होतं.

मॅडम म्हणाल्या, "आणखी काही घरी जाऊ या का?"

"कशाला उन्हातान्हात?" सरपंच मिशीत हसले. "शितावरून भाताची परीक्षा होते, मॅडम!"

भागुजीबाबा सावकाश पुढं आले. "होते की, सरपंच. पण सगळा भात एकाच पातेल्यात असला तर. तुमच्या आळीचं पातेलं रटरटतंय, आमच्या पातेल्यात अजून पाणीच नाही. त्यातलं शीत कुणी दाबून बघितलं?"

चावडी खदखदून हसली. मॅडम ताडकन उठल्या. "चला, खालच्या आळीत!"

बाबा लगबगीनं पुढं निघाले, तशी दाराबाहेरून ऐकत असलेली त्यांची शेजारीण हौसाक्का आडवी आली. "भावजी, झकास बोललात! पण मॅडम माझ्या घरात आल्या की तुम्ही बाहेर थांबायचं. माझं मी बोलणार."