कुंडीतला काळा पाइन

"पण तिचा हात गरम आहे, बाबा! गेलेल्या माणसाचा हात कधी गरम असतो का?"

फकीर जलालबाबा अंगणात बसून ऐकत होते.

विचारत होते हर्डीकर मास्तर. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात हयात गेलेली. चूक कबूल करतील तर शपथ! त्यांची एकुलती एक लेक मृण्मयी अपघातानंतर हॉस्पिटलात पडून होती. डॉक्टर म्हणाले, मेंदू केव्हाच गेलाय, श्वास नुसतं यंत्र घेतंय, आता ते काढू या. मास्तर उठले ते तडक घाटमाथ्यावरच्या या फकिराकडे आले.

'यंत्र काढू नकोस.' बाबांनी एवढंच म्हणावं, बास.

"त्या डॉक्टरांना काय कळतंय! जिवंत काय आणि मेलेलं काय, मला नुसतं बघून कळतं."

"कळतं?"

"कळतं म्हणजे? जन्म गेलाय माझा त्यात."

बाबांनी अंगणातल्या मोठ्या कुंडीकडे बोट केलं.

"हे कोण, सांग बरं?"

एवढ्या दुःखातही मास्तरांची खोड काही जाईना. उकिडवे बसले, पानं बोटांत धरून पाहिली.

"पाइन. जपानचा काळा पाइन. पानं सुयांसारखी, दोन-दोनच्या जोडीनं. टोकाची कळी पांढरी. शोभेसाठी लावतात. सदाहरित, बारा महिने हिरवं."

"जिवंत आहे?"

"म्हणजे काय! हिरवंगार आहे की."

"उपट."

मास्तरांनी खोड धरून जरासं ओढलं. झाड अलगद हातात आलं. खाली मुळं काळी पडून पार कुजली होती, घाण वास सुटला. वर एक सुईसुद्धा पिवळी नव्हती.

मास्तरांचा चेहरा उतरला. असली झाडं मुळाशी मेली तरी वर कितीतरी दिवस हिरवी राहतात. दरवर्षी वर्गात हेच तर सांगायचे ते.

"कधी... कधी गेलं हे?"

"बरेच दिवस झाले."

मास्तर झाड छातीशी धरून हमसून हमसून रडू लागले. बाबा समजूत घालायला गेले नाहीत.

बऱ्याच वेळानं मास्तर चिडून म्हणाले, "ठाऊक होतं ना तुम्हाला? मग ठेवलंत कशाला? टाकून का नाही दिलंत?"

बाबांनी झाड त्यांच्या हातातून हळूच घेतलं. परत कुंडीत उभं केलं. दोन्ही हातांनी माती दाबली...

"ठाऊक होतं. तरी रोज पाणी घालतो मी त्याला, बेटा."