हिवरथरची बोलकी नवमी

हिवरथरच्या तलावाचा बांध तसा साधाच. मातीचा, आतल्या अंगाला दगड बसवलेला, वरून एक बैलगाडी जाईल एवढा रुंद. एरवी त्यावर म्हशी चरतात आणि बायका वाळवणं घालतात. पण मार्गशीर्ष वद्य नवमीच्या सकाळी या बांधावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्या तिथीला जन्मलेली गावची माणसं पुण्याहून, सुरतेहून, जिथे असतील तिथून येतात आणि बांधावर रांगेनं उभी राहतात. गुरव एकेकाचं नाव पुकारतो. नाव आलं की पलीकडच्या टेकडीला ऐकू जाईल अशी ओ द्यायची. मग त्या तिथीला गावात आजवर काय काय घडलं ते मोठ्यानं सांगतात: देवळाचा कळस कधी चढला, पहिली एस.टी. कोणत्या साली आली, कुणाच्या गाईला जुळी वासरं झाली, कोणत्या मल्लानं बाहेरून गदा जिंकून आणली.

नवखे पाहुणे विचारतात, एका तिथीचा एवढा गलका कशासाठी? तेव्हा गावचे म्हातारे गुरव, दगडूनाना, बांधावरच बसकण मारतात. म्हणतात, याच दिवसाला एके काळी मुकी नवमी म्हणत.

किती वर्षांपूर्वीची गोष्ट, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. नाना सात पिढ्या म्हणतात, त्यांचे चुलते नऊ म्हणत. तेव्हा राज्य कुणाचं होतं यावरही दुमत आहे. एवढं मात्र सगळे एकमुखानं सांगतात की या तिथीनं गावाला तीनदा रडवलं होतं. पहिल्यांदा गावची गढी जळाली. काही वर्षांनी याच तिथीला पटकीच्या साथीचा पहिला माणूस गेला आणि पंधरा दिवसांत निम्मी घरं ओस पडली. तिसऱ्यांदा तलावाचा बांध फुटला आणि खालच्या आळीतली सतरा माणसं वाहून गेली.

त्यानंतर गावानं धास्तीच घेतली. ही तिथी माणसाच्या आवाजात हाक मारते म्हणे, आणि ओ दिली की त्याला नेते. म्हणून त्या दिवशी चूल पेटायची नाही, दार उघडायचं नाही, कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. कुत्र्यांच्याही तोंडाला दोरी बांधत असं सांगतात. एखाद्या बाईचे दिवस त्या सुमारास भरले तर तिला आदल्या संध्याकाळीच गावाबाहेर, बांधाखालच्या खोपीत नेत. मूल झालं की सगळ्यांना सांगायचं, दशमीला झालं. नवमीचं मूल जगत नाही, असा समज होता. त्यामुळे खरं काय ते आई आणि सुईण या दोघींच्या पोटात राही. बापालाही कळत नसे.

ठकूबाई ही त्या काळची सुईण. तिची आईही सुईणच होती. पन्नाशीला आलेली, हाडानं काटक, बोलणं मोजकं. आईच्या हाताखाली असल्यापासूनची सगळी नवमीची बाळंतपणं तिच्या ध्यानात होती. गावात कोण कोण नवमीचं आहे हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यात तिचं स्वतःचंही नाव होतं. बांध फुटला त्या दिवशी तिची आई नऊ महिन्यांचं पोट सांभाळत टेकडीवर पळाली होती. खाली सतरा माणसं जात असताना वर झाडाखाली ठकू जन्मली. हे कळलं असतं तर गावानं तिला अवदसा म्हणून जगू दिलं नसतं. आईनं मरताना तिच्याकडून वचन घेतलं होतं: स्वतःचं आणि दुसऱ्यांचंही, नवमीचं सगळं पोटात ठेवून मरायचं.

पहिली काही वर्षं ठकूबाईला नवमीची भीती वाटे. मग वर्षामागून वर्षं गेली, तिला काही झालं नाही, तिच्या हातून जन्मलेल्यांनाही काही झालं नाही. भीती आपोआप गळून गेली. पण न भिणं वेगळं आणि बोलणं वेगळं. वचन ते वचन.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता आणि तळं काठोकाठ भरलं होतं. अष्टमीच्या संध्याकाळी कुंभाराची सून हौसा, पहिलटकरीण, हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. रिवाजाप्रमाणे तिला खोपीत ठकूबाईच्या हवाली केलं आणि घरचे मागे फिरले. कळा येत होत्या, जात होत्या. नवमीची सकाळ उजाडली तरी सुटका नव्हती. ठकूबाई घागर घेऊन बांधाच्या पायथ्याच्या ओहोळावर गेली, वाकली, आणि तशीच थांबली.

बांधाखालून थोडं पाणी नेहमीच पाझरायचं, पण ते काचेसारखं असायचं. आज ते गेरूसारखं लाल होतं. ती ओहोळाच्या कडेनं वर गेली. पायथ्याशी मनगटाएवढा झरा फुटला होता आणि उकळत्या भातासारखी माती वर टाकत होता. आईनं तिला शंभर वेळा सांगितलं होतं, की तिच्या जन्माच्या दिवशीही सकाळी ओहोळ असाच गढूळ झाला होता आणि दुपार कलायच्या आत बांध गेला होता.

तिनं घागर तिथंच टाकली. आधी हौसाला उठवलं, खांद्याचा आधार दिला आणि चार पावलं चालत, कळ आली की थांबत, तिला बांधाच्या टोकाला टेकडीवरच्या म्हसोबाच्या घुमटीत नेऊन बसवलं. तिथवर पाणी कधीच पोचणार नव्हतं. हौसानं तिचा हात घट्ट धरला होता. ठकूबाईला वाटलं, आता हिला सोडून जाणं म्हणजे आयुष्यभराच्या कामाला बट्टा. तिनं खाली काय चाललंय ते सांगितलं. निर्णय घेतला तो हौसानंच.

"जा मावशी. गाव ऱ्हायलं तर माझ्या लेकराला घर ऱ्हाईल. मी दम धरते."

ठकूबाई पळत गावात शिरली. रस्ते सुने, दारं बंद, कुठे धूर नाही. चावडीसमोर उभी राहून तिनं ओरडून सांगितलं की बांध खचतोय, बाहेर या. एक दार उघडलं नाही. उलट दोन-तीन घरांत आतून अडसर सरकवल्याचा आवाज आला. मग तिच्या लक्षात आलं. सगळ्यांना ऐकू जात होतं. पण आज ठकूबाईच्या आवाजात नवमीच हाक मारते आहे, असं सगळे समजत होते. ती जितकी ओरडेल तितकी दारं घट्ट होणार होती.

तिथं ती किती वेळ उभी होती कोण जाणे. नाना म्हणतात, मोगरी आपटून धुणं वाळत घालायला लागेल तेवढा वेळ. त्या वेळात तिनं आईची मनोमन क्षमा मागितली आणि चावडीच्या ओट्यावर चढली.

"मी ठकू," ती म्हणाली. "बांध फुटला त्या नवमीला मी जन्मले. दशमीला न्हाय, नवमीला. पन्नास वर्सं झाली. माझं नाव मीच घेते, आणि मीच ओ देते."

आणि तिनं ओ दिली. गावात पन्नास वर्षांत नवमीला दिलेली ती पहिली ओ. भिंतींवर आपटून ती परत आली. ठकूबाई ओट्यावर उभीच होती.

मग तिनं एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. साळी आळीतला गोंदा. त्याची चुलत बहीण सगुणा. तांबोळ्याचा बाबूलाल. वडारवस्तीवरचा मल्लू. नाव घ्यायचं, आईचं नाव सांगायचं, आणि तू नवमीचा, असं म्हणायचं. घराघरांत माणसं एकमेकांकडं बघू लागली. कुठे एखादी म्हातारी तोंडात पदर कोंबून रडू लागली. पण बाहेर कुणी येईना. तेरा नावं झाली तरी गाव गप्पच.

चौदावं नाव पाटलांचं होतं. हैबती पाटील, चाळिशीचा, शब्दाला वजन असलेला माणूस. तो जन्मला तेव्हा ठकू दहा-बारा वर्षांची होती, आईला गरम पाणी आणून देत होती. वाड्यातली बाळंतीण म्हणून तिला खोपीतही नेलं नव्हतं, माजघरातच सगळं उरकलं होतं. पाटलाचं नाव मात्र तिनं वाड्याकडं तोंड करून घेतलं. वाड्यानं हे खोटं ठरवलं तर गावात तिला थारा मिळणार नव्हता.

वाड्याचा दिंडी दरवाजा उघडला. उंबऱ्यात पाटलाची आई, थोरली पाटलीण भिवराबाई उभी होती. मागे पाटील.

"खरं बोलतीया ती," भिवराबाई मुलाकडं वळून म्हणाली. "तुला नवमीलाच जन्म दिला मी. चाळीस वर्सं दर नवमीला तुझ्या बिछान्याशी बसून तुझा श्वास बघते. आता मला सोसवत न्हाय रं. जा, ओ दे तिला."

हैबती पाटलाचा चेहरा पांढरा पडला होता म्हणे. तो पायऱ्या उतरून रस्त्याच्या मधोमध आला. मग मान वर केली आणि अशी ओ दिली की चावडीवरची कबुतरं उडाली.

त्याला काही झालं नाही. तो तसाच उभा होता, दोन पायांवर, जिवंत. पहिल्यांदा साळी आळीतून ओ आली. मग तांबोळ्याकडून. मग वडारवस्तीतून, तिथून एवढ्या लांबून. दारं उघडायला लागली ती उघडतच गेली, आणि ज्यांची नावं घेतली नव्हती तेही फावडी-घमेली घेऊन बाहेर पडले.

बांधावर पोचल्यावर लोक झऱ्याच्या तोंडावर माती लोटायला धावले. त्यांना मल्लू वडारानं अडवलं. त्याच्या आज्यापणज्यांनी असे बांध घातले होते.

"पाणी अडवू नगा," तो म्हणाला. "पाण्याला जाऊ द्या, मातीला जाऊ देऊ नगा."

त्यानं झऱ्याभोवती दगडांचं कडं रचायला लावलं. कड्यात आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर गोटे. त्यातून पाणी जाईल पण माती मागं राहील, हा त्याचा हिशेब. काहींना त्यानं पाणी सोडायची मोरी उघडून तळं थोडं उतरवायला पाठवलं. स्वतः तो आतल्या बाजूला पाण्यात उतरला, भोवरा कुठे फिरतोय ते पायानं चाचपलं आणि त्या भोकात कडबा भरलेल्या वाकळा कोंबल्या. वाकळा कमी पडल्या तेव्हा भिवराबाईनं वाड्यातल्या गाद्या काढून दिल्या. वरून काळ्या मातीचे लगदे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बांधाचा माथा एका जागी हातभर खचला. लोक मागं सरले नाहीत. ते तिथंच माती ओतत राहिले.

ठकूबाई हे सगळं वरून बघत होती. कारण नावं संपताच ती उलट पावली म्हसोबाच्या घुमटीकडं धावली होती. हौसा शब्दाला जागली होती, तिनं दम धरला होता. खाली दगडांचा खडखडाट चालला होता, माणसं एकमेकांना नावानं हाका मारत होती, आणि वर ठकूबाई हौसाला धीर देत होती. दुपार झाली. आई सांगायची ती वेळ आली. ठकूबाईनं एकदा खाली बघितलं, बांध जागेवर होता. मग तिनं हात पुढं केले आणि तिच्या ओंजळीत मुलगी आली. बाळानं टाहो फोडला. खालून कुणीतरी वर बघून हात हलवला, तो पाणी निवळल्याची खूण करत होता. कड्यातून वाहणारं पाणी पुन्हा काचेसारखं झालं होतं. हौसा हसत होती आणि रडत होती. ठकूबाईनं नाळ कापली, बाळाला पुसून हौसाच्या कुशीत दिलं आणि मगच घुमटीच्या दगडाला टेकून बसली.

उन्हं कलली तेव्हा पाटील आणि सगळं गाव, चिखलात बरबटलेलं, टेकडीवर आलं. पाटलानं ठकूबाईपुढं हात जोडले आणि विचारलं, आता या दिवसाचं काय करायचं ते तूच सांग. तिनं सांगितलं ते गावानं तेव्हापासून पाळलं आहे. जो जो नवमीचा आहे त्याचं नाव दरसाल मोठ्यानं घ्यायचं. पण त्याआधी गढीची आग, पटकी आणि बांध, तिन्ही सांगायचं, गेलेल्या सतरा जणांची नावं घ्यायची. त्यांना विसरून आनंद करायचा नाही, असं ती म्हणाली. मग पाटलानं तिथंच, बांधाकडं तोंड करून पहिली यादी पुकारली. तिच्यात शेवटी होती हौसाची लेक, आजच जन्मलेली.

आजही यादी सतरा जणांपासून सुरू होते. ती नावं घेताना सगळे डोक्यावरचं उतरवतात. नंतर ठकूबाईचं नाव येतं, मग पाटलाचं, मल्लूचं, आणि पुढे पिढ्यांच्या पिढ्या. गेल्या खेपेला दोनशे अकरा नावं झाली. बायका नवमीची तारीख धरून माहेरी येतात, डॉक्टरनं दशमी सांगितली तर हिरमुसतात. यादीच्या शेवटी त्या वर्षीची सगळ्यात लहान नावं असतात, कधी वर्षभराची, कधी त्याच पहाटेची. त्यांना ओ देता येत नाही. गुरव नाव पुकारून थांबतो, आणि त्या बाळाच्या वतीनं बांधावरचं सगळं गाव एकदम ओ देतं.