खराट्याने वर पाहिलं

फार जुन्या काळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांच्या एका मोठ्या खुराड्यात एक खराटा राहत असे. जमीन लख्ख ठेवण्याचा त्याला भारी अभिमान. कोपऱ्यातली झारी रोज म्हणे, "दादा, आधी मला चार थेंब शिंपडू दे, मग झाडून घे." पण ओल्या जमिनीवर आपला हात चालत नाही म्हणून खराटा तिला गप्प बसवी.

कवडी नावाची म्हातारी कोंबडी खोकू लागली. घाणीनेच आजारी पडली असणार, असं वाटून खराटा तिच्याभोवती दिवसातून तीनदा झाडू लागला. आठव्या दिवशी कवडी पिसं फुगवून बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

त्या सकाळी झाडून झाल्यावर कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली आणि खराट्याने प्रथमच वर पाहिलं. जमिनीवरून त्याने उडवलेलं सगळं त्या उन्हात तरंगत होतं आणि सावकाश कोंबड्यांच्या चोचींवर उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीशी नुसताच उभा राहिला.

"आज झाडायचं नाही का, दादा?" झारीने विचारलं.

"आधी तू शिंपड, ताई," तो म्हणाला. "कवडी बसायची, तिथून सुरुवात कर."