दोन पोती मीठ

ज्या काळी राजवाड्यांत घड्याळे नव्हती आणि सकाळ दवावरून ओळखली जाई, त्या काळी एका राज्यात एक नामांकित माळी होता. राजमाता दृष्टिहीन होत्या. वाड्यामागच्या हरळीच्या हिरवळीवर रोज अनवाणी चालणे, हाच त्यांचा एकमेव विरंगुळा होता.

राजमाता तीर्थयात्रेला गेल्या आणि हिरवळीत लव्हाळ्याचे तण माजले. खुरप्याने एकेक गड्डा काढणे माळ्याला जिवावर आले. त्याने दोन पोती मीठ उकळत्या पाण्यात विरघळवून हिरवळीवर ओतले. आठव्या दिवशी लव्हाळा मेला. दहाव्या दिवशी हरळीही मेली. माळ्याने तीनदा नवी हरळी लावली, तीनदा ती पिवळी पडली. उद्या राजमाता परतणार होत्या.

तेवढ्यात खाडीकाठची मीठवाली म्हातारी आली.

"काय माळीबुवा, दोन पोती मीठ नेलंत! साऱ्या राज्याचं लोणचं घातलंत की काय?"

माळ्याने मान खाली घालून सारे सांगितले. म्हातारीने चिमूटभर माती उचलली. "जीभ काढा."

"थू! खारट!" माती जिभेवर पडताच माळी थुंकला.

"तुम्हाला तोंडात धरवत नाही, ते हरळीनं कसं गिळावं? आमच्या शेतात भरतीचं पाणी शिरलं की आम्ही खोल चर खणतो, गोडं पाणी कोंडतो, मीठ विरलं की सोडून देतो. चरातलं पाणी जिभेला गोड लागेस्तोवर हेच करायचं."

"पण आजी, चर खणले तर साऱ्यांना दिसेल!"

"दिसू द्या की. झाकून मीठ जात नाही."

रात्रभर माळी तळमळला. सकाळी त्याने राजमातांची पालखी दारातच अडवली. "आईसाहेब, हिरवळ मी मारली. आळसाने मारली."

राजमाता पालखीतून उतरल्या. मग म्हणाल्या, "बरे झाले, तूच सांगितलेस. माझ्या तळपायांना तू फसवू शकला नसतास. जा, चर खण."

माळ्याने चर खणले. पाणी कोंडले, सोडले, चाखले: खारट. पुन्हा खारट. सहाव्या वेळी ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि तो चिखलातच मटकन बसला. पाणी गोड होते! बांधावरच्या हरळीच्या मुळ्या आणून त्याने वीत-वीत अंतरावर लावल्या.

दोन महिन्यांनी राजमातांनी दवात पाऊल ठेवले. चार पावले चालून त्या थबकल्या. 

"अरे, हा लव्हाळा ना?"

"होय, आईसाहेब."

"मग उभा काय राहिलास? खुरपे आण!" आणि राजमाता खळखळून हसल्या.  त्या दिवशी मावळतीपर्यंत खुरपे माळ्याच्या हातातून सुटले नाही, आणि पुढे कोणत्याही रोपाला हात लावण्यापूर्वी तो तिथली माती चाखू लागला.

तात्पर्य: झाकलेली चूक जमिनीत मुरते, उघड करून धुतलेल्या चुकीच्या जागीच पुन्हा हिरवे उगवते.